संगणकांच्या जाळ्याची राखण

मुळशी तालुक्यांतील कासारसाई हें गांव धरणामुळें ओळखीचें आहे. पावसाळ्यांत धरणाचें पाणी चढूं लागलें म्हणजे तें डोळ्यांस दिसतें व खालच्या गांवांस निरोप धाडण्यास अवधि मिळतो. तेथून जवळच असलेल्या हिंजवडींत हजारों संगणक एकमेकांस जोडून चालतात. अशा जाळ्यावर येणारें संकट मात्र डोळ्यांस दिसत नाहीं व अवधिही देत नाहीं. म्हणून त्याच्या राखणीचें कांहीं काम यंत्रासच सोंपवावें लागतें. तें कोणतें व किती, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरण पुण्याचेंच घेऊं. १९०६ सालीं स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजीं दरोडा पडला. तो दुसरा शनिवार, म्हणजे सुटीचा दिवस होता. एटीएमवरील मागणी बँकेच्या हिशेबाशीं ताडून पाहणाऱ्या व्यवस्थेच्या जागीं चोरांनीं एक खोटी व्यवस्था उभी केली. ती प्रत्येक मागणीस होकार देई. बनावट कार्डांच्या साह्यानें २८ देशांत कांहीं तासांतच ८० कोटींहून अधिक रुपये काढले गेले. १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी हाँगकाँगकडे वळविण्यांत आले. २०२३ सालीं पुण्याच्या न्यायालयानें ११ जणांस दोषी ठरविलें. परंतु शिक्षा हा मागाहूनचा उपाय होय.

मग आधींचा उपाय कोणता? प्रथम जाळ्यांतील प्रत्येक संगणकाची यादी करावी व सर्वांच्या नोंदी एके ठिकाणीं जमवाव्या. दुसरें, नित्याचा व्यवहार कसा असतो हें यंत्रास ठाऊक करून द्यावें, म्हणजे वावगें तें त्यास ओळखतां येईल. तिसरें, कोणत्या संकटांत काय करावयाचें ती आज्ञा शांत वेळींच लिहून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं. दूषित संगणक जाळ्यापासून तोडावा, पण बंद करूं नये, कारण त्यांतील पुरावा नाहींसा होतो. संशयित कार्ड वा पासवर्ड तात्पुरता थांबवावा आणि लगेच जबाबदार माणसास जागें करावें. शिवाय पहारेकऱ्यावरही पहारा हवा. एका वहीचा ताळा दुसऱ्या स्वतंत्र वहीशीं घेतला, तर खोटा होकार फार काळ लपत नाहीं.

तथापि यंत्राच्या हातीं सर्वच देणें धोक्याचें आहे. १९ जुलै २०२४ रोजीं एका संरक्षक प्रणालीची सदोष सुधारणा जगभर आपोआप पोहोंचली व सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचीं कामें अडलीं. राखणदारानेंच घर अडविलें! यास्तव जें पुन्हां पूर्ववत् करतां येतें तेवढेंच यंत्रानें करावें. रुग्णालयाचें यंत्र वा बँकेची सगळी शाखा बंद करण्याचा निर्णय माणसाचाच असावा. नवी आज्ञा प्रथम केवळ सूचना देण्यापुरती चालवून पाहावी, चुका सुधाराव्या, मगच तिला अधिकार द्यावा. २०२२ च्या सरकारी आदेशाप्रमाणें अशा घटनेची वर्दी सहा तासांच्या आंत द्यावयाची असते. तीही माणसानेंच विचारपूर्वक द्यावी.

बँकेंत असतो तो पैसा कोणाच्या म्हातारपणाचा, कोणाच्या शिक्षणाचा असतो. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येक उद्यां हिंजवडीस कामास जातील. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, त्वरा यंत्राची असावी. विवेक मात्र आपला असावा.