परड्यातील शिकार कोणाची?

सकाळी गोठ्यात जावे आणि दाव्याला बांधलेले वासरू मरून पडलेले दिसावे, असा प्रसंग कोणत्याही शेतकऱ्यावर येऊ शकतो. अशा वेळी तोंडातून पहिला शब्द निघतो तो 'बिबट्या'. नाहीतर शेजाऱ्याच्या कुत्र्यावर आळ येतो आणि दोन घरांत वैर पडते. पुराव्यावाचून यांपैकी काहीच बोलू नये. मेलेले जनावर मुके असले तरी त्याच्या अंगावरच्या आणि भोवतालच्या खुणा पुष्कळ सांगतात. त्या कशा ओळखाव्यात, हे आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हैदराबादच्या भोवताली बिबट्या येतो, ही नुसती आवई नव्हे. २०२० च्या मे महिन्यात मैलारदेवपल्लीजवळ तो भर रस्त्यात लोकांनी पाहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजेंद्रनगरकडे वासरे मारणारा बिबट्या वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. २०२४ च्या एप्रिलअखेर शमशाबाद विमानतळाच्या आवारात एक दिसला. मेच्या आरंभी तो पकडून अमराबादच्या रानात सोडण्यात आला. तेव्हा संशय घेणे गैर नाही. परंतु प्रत्येक शिकार बिबट्याचीच असते, असेही नाही.

मारले की मेलेले खाल्ले?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पुष्कळदा जनावर रोगाने किंवा सर्पदंशाने मरते आणि रात्री कुत्री, कोल्हे येऊन ते खातात. जिवंतपणी चावा बसला असेल तर त्या जागी कातडीखाली रक्त साकळून काळेनिळे होते. मेल्यानंतर तोडलेल्या जागी असे होत नाही. ही तपासणी पशुवैद्याकडून करवून घ्यावी. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातून वा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, तर ते मुळीच फाडू नये. तो फाशी म्हणजे काळपुळी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो.

अंगावरच्या खुणा

बिबट्या बहुधा गळा किंवा मानेचा मागचा भाग धरतो. तेथे सुळ्यांची खोल, मोजकी भोके दिसतात आणि खांद्यावर नखांचे ओरखडे असतात. शक्य असल्यास तो शिकार ओढत आडोशाला नेतो. कुत्र्यांच्या टोळीचे काम याच्या उलट असते. मागच्या तंगड्या, शेपूट, कान, कूस असे जागोजाग लचके तोडलेले असतात आणि खाल्लेले मात्र थोडेच असते. लांडगाही गळा धरतो, पण तो कोकरू वा करडू बहुधा उचलूनच नेतो. मोठी हाडे फोडलेली असतील तर तरसाचा संशय घ्यावा. मात्र तरस बहुतेक मेलेलेच खातो. किती जनावरे मेली यावरून निर्णय करू नये. बंद वाड्यात शिरलेला बिबट्याही एका रात्रीत अनेक शेळ्या मारतो.

मातीतील ठसे

बिबट्याचा ठसा गोलसर असतो आणि चालताना नख्या आत असल्याने त्यांच्या खुणा उमटत नाहीत. तळव्याच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा व तरस यांच्या ठशात नख्या दिसतात. बिबट्याचा ठसा सुमारे ७ ते ९ सेंटिमीटर, तर रानमांजराचा ५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. ठशावर पाटी किंवा घमेले पालथे घालून तो राखून ठेवावा.

कोंबड्यांचे चोर

पिसांची देठे चावून तुटलेली असतील तर चोर चार पायांचा आहे. पिसे देठासकट उपटून पसरली असतील तर ससाणा, घुबड असा शिकारी पक्षी समजावा. कोंबडी नाहीशी आणि कुंपणापर्यंत पिसांची वाट असेल, तर रानमांजर किंवा कोल्हा असावा. छपरातून शिरणारे बहुधा उदमांजर असते. अंड्याची फुटलेली टरफले पडली असतील तर मुंगसाचा संशय घ्यावा. साप अंडे अख्खे गिळतो, त्यामुळे मागे काहीच उरत नाही. पिले बिळाकडे ओढली असतील तर घूस समजावी.

पुढे काय करावे

मेलेले जनावर हलवू नये. त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि त्याच दिवशी वनखात्याला व पशुवैद्याला कळवून पंचनामा करवून घ्यावा. भरपाईचा अर्ज या पंचनाम्यावरच उभा राहतो. मोकाट कुत्रा वन्यप्राण्यात मोडत नाही. म्हणून शिकार कोणाची, हे ठरणे गरिबाच्या पदरात काही पडण्यासाठीही महत्त्वाचे आहे.

उरलेले मांस खाऊ नये व कुत्र्यांना घालू नये. पंचनाम्यानंतर ते चुना टाकून खोल पुरावे. हल्ल्यातून वाचलेले जनावर पशुवैद्याला दाखवावे. पुढे ते लाळ गाळू लागले तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते. माणसाला चावा किंवा ओरखडा लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, तेल काही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

मढ्यावर विष कधीही घालू नये. त्याने शेजाऱ्याचा राखणीचा कुत्रा, घारी व इतर निरपराध जीव मरतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बिबट्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे.

बंदोबस्त

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला आणि तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, तर शेळ्यांचा ११ टक्के आढळला. शेळ्या मात्र त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या. अभ्यासकांच्या मते याचे एक कारण असे, की शेळ्यांना दिवसा राखण व रात्री वाडा असतो, कुत्रे मात्र मोकळे फिरते. यातून घेण्याचा धडा स्वस्त आहे. रात्री जनावरे छप्पर व भक्कम दार असलेल्या गोठ्यात घ्यावीत. खुराड्याला बारीक व मजबूत जाळी लावावी आणि ती जमिनीत वीतभर पुरावी. खाटकाचा टाकाऊ भाग व मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकू नयेत, कारण त्यांच्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. हे काम एकट्याने करून भागत नाही. सारी आळी मिळून करील तरच गोठे सुरक्षित राहतील.