फिरंग : पाते, मूठ आणि लेख

वसईच्या किल्ल्यावर इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी मराठ्यांचे निशाण चढविले. या घटनेचे लोकमानसातील स्थान इतके मोठे आहे, की मराठी मुठीची पण युरोपीय पात्याची एखादी जुनी तलवार हाती आली म्हणजे तिचे नाते वसईच्या विजयाशी जोडण्याचा मोह संग्राहकास सहज होतो. हे अनुमान कितपत टिकते, याचा विचार शब्द आणि वस्तू या दोन्ही अंगांनी करावा लागतो.

अशा तलवारीस मराठीत ‘फिरंग’ म्हणतात. युरोपातील ‘फ्रँक’ या जमातीचे नाव अरबी-फारसीत ‘फरंग’ झाले आणि पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांस सरसकट लागू पडले. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ संकोच पावला. ‘फिरंगी’ म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगीज, आणि ‘फिरंगाण’ म्हणजे त्यांच्या ताब्यातील मुलूख. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग’ हे रोगाचेही नाव आहे. तिन्ही ठिकाणी शब्द एकच गोष्ट सांगतो : वस्तू, व्यक्ती वा व्याधी बाहेरून आली आहे. ती कोणत्या मार्गाने आली, हे मात्र तो सांगत नाही. पुढे याच घडणीच्या देशी पात्याच्या तलवारींसही हे नाव लागले, तेव्हा उगमवाचक शब्द प्रकारवाचक बनला. म्हणून केवळ नावावरून पाते परदेशी ठरत नाही; आणि पाते परदेशी ठरले तरी ती लूट ठरत नाही. युरोपीय पाती व्यापाराने मोठ्या प्रमाणावर येत असत. शिवाय वसईच्या शरणागतीच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदीस आपल्या शस्त्रांनिशी बाहेर पडण्याची मुभा मिळाली होती, हेही विसरून चालत नाही.

फिरंग वाचावयाची ती तीन थरांत. पहिला थर पात्याचा. ते लांब, बहुधा सरळ, आणि जर्मनीतील सोलिंगेनसारख्या केंद्रात घडलेले असू शकते. परंतु त्यावरील चिन्ह हा निर्णायक पुरावा नव्हे. नामांकित कारागिरांची नावे व चिन्हे युरोपात आणि हिंदुस्थानात सर्रास नकलली जात. दुसरा थर मुठीचा. रुंद परज, मागील वाटी आणि तीतून निघालेला, दुसऱ्या हाताने धरता येणारा लांब काटा ही घडण देशी आहे. तिसरा थर लेखाचा. हे तिन्ही थर एकाच काळाचे असतीलच असे नाही.

लंडनच्या राजसंग्रहातील ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार पाहावी. कोल्हापूरच्या छत्रपतींनी ती इ. स. १८७५-७६ च्या दौऱ्यात ब्रिटिश युवराजास दिली. तिच्या युरोपीय पात्यावर ‘आय. एच. एस.’ ही येशूच्या नावाची, मूळ ग्रीक अक्षरांतून आलेली संक्षिप्त खूण आहे. ती खूण पाते घडविणाऱ्यांच्या जगाची आहे, तलवार धारण करणाऱ्याच्या श्रद्धेची नव्हे. याउलट नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी, महाराष्ट्र शासनाने इ. स. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळविलेली तलवार. तिचेही पाते युरोपीय आहे. परंतु त्यावरील देवनागरी लेखात धन्याचे नाव, ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. येथे वस्तू स्वतःचे नाव स्वतःच सांगते, आणि ते मराठीत सांगते.

अमेरिकन घोडदळाच्या तलवारींच्या संग्राहकाचे काम या मानाने सोपे. तेथील १८४० च्या नमुन्याच्या आरंभीच्या तलवारीही सोलिंगेनहूनच आल्या. परंतु सरकारी शस्त्रांवर कारखान्याचे नाव आणि बहुधा वर्ष व तपासनिसाची आद्याक्षरेही ठोकलेली आढळतात. फिरंगेस अशी सरकारी जन्मनोंद नाही. तिची नोंद म्हणजे तिच्यावरील झीज, जोड आणि अक्षरे.

यातूनच संग्राहकाची जबाबदारी स्पष्ट होते. घासूनपुसून पाते चकचकीत केले, की उथळ अक्षरे व सोन्याचे काम कायमचे नष्ट होते. मूठ बदलली, की एक थर गळून पडतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी रीतीने देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. परंतु घरातल्या घरात, हौसेपोटी होणारा हा नाश कोणताही कायदा थांबवू शकत नाही. ‘वसईची तलवार’ ही आख्यायिका लिहून ठेवण्यास हरकत नाही. मात्र ती आख्यायिका म्हणूनच, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि तारखेसह लिहिली पाहिजे. लेखाचा ठसा व छायाचित्र त्याआधी घेतलेले असावे. पुरावा आणि ऐकीव गोष्ट यांच्या नोंदी वेगळ्या राहिल्या, तरच पुढील अभ्यासकास दोहोंचाही उपयोग होईल.