सिंकखालची ती फट आधी बुजवा!

झुरळांची जेल लावली, पेस्ट कंट्रोल झालं, तरी झुरळं येतातच? मग सिंकखालचं कपाट उघडून टॉर्च मारा. पाइप स्लॅबमधून जातो तिथे बहुतेक घरांत बोटभर फट असते आणि ती वरून गोल चकती लावून फक्त झाकलेली असते. डक्टमधले पाहुणे तिथूनच येतात. घरातल्या उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, झुरळाच्या पिल्लाला त्याहून कितीतरी कमी!

नुसता फोम मारू नका, उंदीर तो सहज कुरतडतात. आधी फट साफ करून कोरडी करा, मग स्टेनलेस स्टीलची जाळी घट्ट कोंबा. साधा लोखंडी काथ्या ओलाव्याने गंजतो. वर सिमेंट-वाळूचा माल भरा. पण काम इथे संपत नाही. गरम-थंड पाण्याने पीव्हीसी पाइप थोडा प्रसरण-आकुंचन पावतो, त्यामुळे सिमेंट पाइपपासून सुटतं. म्हणून माल पूर्ण वाळल्यावर पाइपभोवती सिलिकॉनची कड द्याच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी तीच टाळली जाते.

तळमजल्यावर राहत असाल तर वाळवीही याच फटींतून वर चढते. वापरात नसलेल्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये अधूनमधून तांब्याभर पाणी ओता, ट्रॅप कोरडा पडला की झुरळांना वाट मोकळी. पावसाळ्याआधी एवढं नक्की करून घ्या!