माळ्यावर सापडलेला हा विचित्र पाना नेमका कशाचा? असं ओळखा!

कोरेगाव तालुक्यात जुन्या घराचा माळा आवरायला काढला, की गंजलेल्या विळ्या-खुरप्यांत एखादा विचित्र पाना निघतो. चपटा, किंचित वाकडा, एका टोकाला चौकोनी भोक, दुसरीकडे उघडं तोंड. आजच्या नटाला तो धड बसत नाही. 'हा कशाचा?' म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि उत्तर येण्याआधीच पाना किलोच्या भावानं भंगारात जातो.

खरं तर असा पाना बहुतेक वेळा नांगराचा असतो.

लाकडी नांगराला पाना लागतच नसे. फाळ वसूनं धरलेला, ढिलं झालं की पाचर ठोकायची, बाकीचं सुतार बघायचा. लोखंडी नांगरात मात्र फाळ आणि पंख नटबोल्टनं बसवलेले. फाळ झिजला की शेतातच बदलायचा. म्हणून जगभरातले अवजारांचे कारखानदार त्या-त्या अवजाराच्या नटांच्या मापाचा पाना स्वतःच ओतून सोबत द्यायचे. त्या काळी चौकोनी नट सर्रास वापरात होते, चौकोनी भोक त्यासाठीच.

आपल्या भागात हा बदल लवकर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांनी सातारारोडला, म्हणजे थेट कोरेगाव तालुक्यातच, कारखाना काढला. तिथे नांगर बनले, पुढे डिझेल इंजिनंही. (हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. मुख्यमंत्र्यांना तेव्हा पंतप्रधान म्हणत.) कोरेगाव आणि किर्लोस्करवाडी ही दोन्ही स्टेशनं पुणे-मिरज या एकाच रेल्वेमार्गावर आहेत.

आता पाना हातात घ्या. अंग खरबरीत आणि कडेनं साच्याची रेघ दिसत असेल तर तो ओतीव, म्हणजे बहुधा अवजाराचा. अंग गुळगुळीत असेल तर घडीव, गॅरेज किंवा इंजिनाकडचा. हातभर लांब, जाड आणि एकाच टोकाला तोंड असेल तर रेल्वेरुळांच्या जोडाचे बोल्ट आवळणारा असू शकतो.

आकड्यांनी लोक हमखास फसतात. ओतीव पान्यावरचा आकडा साल नसतो, बहुतेकदा तो कारखान्याचा सुट्या भागाचा नंबर असतो. घडीव पान्यावर '१/२ डब्ल्यू' असेल तर ते ब्रिटिश व्हिटवर्थ माप. पण पट्टी लावली तर तोंड अर्धा इंच नव्हे, सुमारे २३ मिलिमीटर भरतं! कारण ते माप पान्याच्या तोंडाचं नाही, बोल्टच्या जाडीचं आहे. मेट्रिक पद्धत आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. त्यामुळे इंची माप असलेला पाना त्याआधीचा असण्याची शक्यता बरीच, पण इंची पाने नंतरही अनेक वर्षं वापरात होते.

गंज काढायला ग्राइंडर मात्र लावू नका, अक्षरं कायमची जातात. पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवा, पितळी ब्रशनं घासा, पुसून कोरडा करा. उठावदार अक्षरांवर खडू आडवा फिरवा आणि बाजूनं बॅटरीचा उजेड पाडून फोटो काढा. तो फोटो ग्रुपवर टाकण्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या नांगरकऱ्याला दाखवा. फाळ कुठे बसायचा, हे तो हातानं करून दाखवेल.