उघडा संगणक आणि पावसाळ्यातील पाखरे

वळवाच्या पहिल्या सरी पडून गेल्या म्हणजे बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात दिवेलागणीस काय घडते, हे आपल्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. पंख फुटलेल्या वाळवीचे थवे जमिनीतून निघतात, पेढीतील दिव्याभोवती घिरट्या घालतात आणि घटकाभरात पंख गाळून गादीवर, वहीवर, तराजूच्या पारड्यात पडतात. पूर्वी दिवाणजी अशा वेळी वही मिटून दिवा मालवीत व घरी जात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम असलेल्या कुटुंबांस त्यात अडचण वाटत नसे. आता रोजमेळ आणि खतावणी संगणकात गेली आहे, जीएसटीची विवरणपत्रे रात्री बसून भरावी लागतात, आणि यंत्र तापते म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू काढून ठेवण्याची रीत कित्येक दुकानांत पडली आहे. (या पेटीस आपण सर्रास ‘सीपीयू’ म्हणतो. वास्तविक ते नाव आतील एका लहानशा चिपचे. पण रूढीपुढे इलाज नाही.) अशा उघड्या पेटीत पाखरे शिरणारच. यंत्रही सुरक्षित राहावे आणि जीवहत्याही टळावी, अशी काही सोय आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

संगणक आणि कीटक यांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ या यंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग सापडला. ‘एफ’ पॅनेलमधील ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये तो अडकला होता. तेथील मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटविला व खाली लिहिले, की प्रत्यक्ष कीटक सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. पानावर पतंग चिकटविलेली ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन केलेली आहे. संगणकातील दोषास ‘बग’ म्हणण्याची प्रथा येथूनच निघाली असे पुष्कळजण सांगतात, ते मात्र खरे नव्हे. एडिसनने १८७८ सालीच यंत्रातील खोडीस हा शब्द वापरला होता. हार्वर्डची गंमत एवढीच, की शब्द आधी होता आणि कीटक मागाहून आला.

आजच्या संगणकात तसे हलणारे रिले नाहीत. तेव्हा एखादे पाखरू आत गेले म्हणून यंत्र तत्काळ बंद पडेल असे नाही. खरी हानी सावकाश होते. गळालेले पंख आणि धूळ मिळून चिपवरील धातूच्या पट्ट्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो, हवा अडते, आणि ज्या उष्णतेच्या भयाने पेटी उघडली तीच वाढीस लागते. चिप साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की ती आपला वेग आपणच कमी करते; त्याहून तापली तर यंत्र बंद होते. अर्धे भरलेले विवरणपत्र अशा वेळी हातचे जाते. शिवाय वीजपुरवठ्याचा जो स्वतंत्र डबा पेटीत असतो, त्यात घरच्या विजेचा पूर्ण दाब खेळत असतो. तेथे ओलसर शरीराचा कीटक शिरल्यास प्रसंग अधिक गंभीर.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की पेटी उघडी ठेवण्याचे कारणच आधी तपासावे. पंखे पुढून थंड हवा ओढून मागून गरम हवा टाकतील, अशा बेताने या पेट्या बनविलेल्या असतात. बाजू काढली की तो प्रवाह मोडतो, आणि काही भाग पूर्वीपेक्षा अधिकच तापतात. बहुतेक ठिकाणी दोष असतो तो साचलेल्या धुळीचा, थांबलेल्या पंख्याचा किंवा चिपवरील वाळून गेलेल्या थर्मल पेस्टचा. तेवढे दुरुस्त करून बाजू पुन्हा बसविली, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

तरीही पेटी उघडीच ठेवणे भाग असेल, तर आपल्या स्वयंपाकघरातील जुन्या जाळीच्या कपाटाची आठवण करावी. दूध-दही झाकण्याचे ते कपाट हवा आत घेई आणि माशी बाहेर ठेवी. तशीच लाकडी चौकट सुताराकडून करून घ्यावी. यंत्रापासून चारी बाजूंनी वीतभर अंतर राहील इतकी ती मोठी असावी. खिडकीस लावतात ती नायलॉनची मच्छरजाळी तीवर ताणून बसवावी. तारेची जाळी आम्ही सुचवीत नाही; तिचा तुटका तुकडा मदरबोर्डवर पडल्यास शॉर्टसर्किट होते. जाळी थेट पंख्याच्या तोंडावर बांधली तर हवा कोंडते, पण तीच जाळी मोठ्या चौकटीवर असल्यास हवेला भरपूर वाट मिळते. या जाळीतून चिलटे जातील, हे खरे. त्यासाठी मलमलीचे दाट कापड लावण्याचा मोह होतो. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या घरांत तो स्वाभाविकच आहे. परंतु दाट कापडातून या पंख्यांना पुरेशी हवा ओढता येत नाही, आणि धुळीने तर ते लवकरच बुजते.

जाळीपेक्षाही स्वस्त उपाय दिव्याचा आहे. पतंग प्रेमाने ज्योतीवर झेपावतो असे कवी सांगत आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधक व त्यांचे सहकारी यांचा २०२४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास निराळेच सांगतो. उडणारा कीटक आपली पाठ उजळ बाजूस ठेवतो. रात्री आकाश जमिनीहून उजळ असते, त्यावरून त्याला वर-खाली उमगते. दिवा जवळ आला की बिचारा पाठ दिव्याकडे वळवितो आणि त्याच्याभोवती फिरत राहतो. यात प्रेम नाही, दिशाभूल आहे. कीटकांच्या डोळ्यांस निळसर व अतिनील प्रकाश विशेष जाणवतो. म्हणून पेढीत पांढऱ्याऐवजी पिवळा दिवा लावावा, तो यंत्राच्या डोक्यावर नसावा, आणि पेटीतील रंगीबेरंगी शोभेचे दिवे तर बंदच करावेत. हौशी मुलांची थोडी नाराजी पत्करावी लागेल, एवढेच.

निळ्या प्रकाशाने पाखरे ओढून विजेने जाळणारी उपकरणे बाजारात मिळतात. ती आम्हांस धर्मदृष्ट्या पटत नाहीत, हे सांगण्याची आवश्यकता नाही; व्यवहारदृष्ट्याही त्यांचा उपयोग बेताचाच. डेलावेर विद्यापीठातील दोन संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, अशा उपकरणांनी मारलेल्या १३,७८९ कीटकांपैकी चावणारे केवळ ३१ निघाले. बाकीचे हकनाक मेले. शिवाय जळालेल्या कीटकांचे बारीक कण आसपास उडतात, ते यंत्राशेजारी नकोतच. कीटकनाशकाचा फवारा पेटीत मारणे हे तर दुहेरी नुकसान.

एवढे करूनही एखादा जीव आत गेलाच, तर यंत्र रीतसर बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि मऊ कोरड्या कुंचल्याने त्यास हलकेच बाहेर घ्यावे. पंख्याचे पाते झाडताना बोटाने धरून ठेवावे. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात काही काळ विजेचा साठा राहतो. चौकटीत जी पाखरे कोंडतील, त्यांच्यासाठी दिवा मालवून चौकटीचे दार रात्रभर उघडे ठेवावे व यंत्रावर सुती चादर टाकावी. यंत्र त्या वेळी बंद असले पाहिजे. पहाटे खिडकीतून उजेड आला की बहुतेक पाखरे आपण होऊन बाहेर पडतात.