रोमन चांदीच्या पेल्यावरची कथा

हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात ज्या पूर्णा नदीचे पाणी अडते, तिच्याच खोऱ्यात वरच्या अंगाला भोकरदन आहे. १९७३ साली तिथल्या उत्खननात हस्तिदंतात कोरलेली एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात आधी सापडली होती. इकडची वस्तू तिकडे पोचत होती. मग तिकडून इकडे काय येत होते?

पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत याचे उत्तर आहे. पैठण आणि तेर इथला माल गाड्यांतून भडोच बंदरात येई, असे तिचा लेखक सांगतो. तिथल्या राजासाठी येणाऱ्या वस्तूंत तो मौल्यवान चांदीची भांडी मोजतो.

ही भांडी श्रीमंत रोमन घरांत मेजवानीला मांडत. पातळ पत्रा आतून ठोकून बाहेर चित्र उठवायचे. आपल्याकडच्या देवाच्या प्रभावळीवर असते तसे हे काम. आत दुसरा गुळगुळीत पेला बसवायचा, म्हणजे धुणे सोपे. चित्रे बहुधा पुराणकथांची. डेन्मार्कमधल्या होबी गावी १९२० मध्ये एका सरदाराच्या थडग्यात असे दोन पेले निघाले. एकावर ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम, आपल्या मुलाला ठार करणाऱ्या अकिलीसच्या हाताचे चुंबन घेऊन मुलाचा देह परत मागतो आहे.

हे पेलेही बहुधा रोमन अधिकाऱ्याने परक्या सरदाराला दिलेला नजराणा होते. तिथे ते मालकाबरोबर पुरले गेले, म्हणून वाचले. भडोचच्या राजाची भांडी मात्र वितळून त्यांची नाणी, दागिने झाले असावेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४०च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची रोमन मूर्ती आणि सुरई मिळाली, पण ती ब्राँझची. चांदीला मोडीतही भाव असतो, आणि तोच तिचा घात करतो.

म्हणून शेत नांगरताना किंवा पाया खणताना जुने भांडे लागले, तर ते थेट सराफाकडे नेऊ नये. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. भांडे एकदा मुशीत गेले की चांदी उरते. त्यावरचे चित्र आणि ते कुठून आले याचा पुरावा कायमचा जातो.