महागड्या दुकानातला ‘हेल्दी’ माल : पाकीट उलटे करून वाचा

मुंबई-पुण्यात किराण्याची चकचकीत दुकाने वाढली आहेत. आत थंड हवा, काचेची कपाटे, परदेशी चीज, ऑलिव्ह तेल, किनवा, चिया, गुलाबी मीठ. आपल्या वस्तीतील मुले-मुली अशा दुकानांत माल लावतात, बिले करतात, घरपोच सामान पोचवतात. अनेक भगिनी हाच माल घेणाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जातात. मालाबरोबर एक समजही वस्तीत आला आहे : श्रीमंत खातात ते आरोग्याचे आणि आपण खातो ते गरिबीचे. या समजाने पैसा जातो आणि कधी कधी तब्येतही बिघडते.

आधी मिठाचे बोलू. ‘गुलाबी मिठाने बीपी उतरते’ असे ऐकून काही घरांनी साधे मीठ बंद केले आहे. गुलाबी मीठसुद्धा जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. त्याने बीपी उतरत नाही. उलट त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. आयोडीन कमी पडले की गलगंड होतो. गरोदर बाईला ते कमी पडले तर पोटातील बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. म्हणूनच 2006 पासून देशात खाण्याचे मीठ आयोडीनयुक्तच विकावे असा नियम आहे. घरात साधे आयोडीनयुक्त मीठच ठेवा आणि तेही बेताने वापरा. माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, एवढे पुरे. लोणचे, पापड, फरसाणातले मीठही त्यातच धरायचे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. किडनीचा आजार असलेल्यांनी किंवा बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता धान्याचे. किनवा हे दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ भागाचे पीक. 100 ग्रॅममध्ये सुमारे 13 ते 14 ग्रॅम प्रथिने. बाजरीत सुमारे 11, मसूर डाळीत 24 च्या आसपास. म्हणजे बाजरीची भाकरी आणि मसुरीचे कालवण खाणारे घर प्रथिनांत मागे नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून आपली ज्वारी-बाजरी ‘मिलेट’ नावाने रंगीत पाकिटात जास्तच दिसू लागली. चियाची जी ओमेगा-3 साठी जाहिरात होते, ती जवसातही भरपूर आहे. जवस भाजून, कुटून चटणी करा, म्हणजे ते अंगी लागते. डब्यात मिळणारी ‘मोरिंगा पावडर’ म्हणजे शेवग्याचा वाळवलेला पाला.

सुकट, बोंबील, कलेजी यांची लाज तर मुळीच बाळगू नका. सुकटीत प्रथिने आणि कॅल्शियम, कलेजीत लोह भरपूर. सुकट खारी असते, म्हणून बीपीवाल्यांनी ती भिजवून, दोन पाण्यांतून धुऊन थोडीच खावी. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून गरोदरपणात ती वरचेवर नको.

‘मल्टिग्रेन’, ‘डायजेस्टिव्ह’, ‘नो ॲडेड शुगर’ ही अक्षरे पाकिटाच्या पुढे मोठी छापतात. खरे मागे बारीक अक्षरांत असते. घटकांच्या यादीत जो पदार्थ वजनाने सर्वात जास्त, तो पहिला लिहावा लागतो. तिथे ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मैदा. ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘इन्व्हर्ट सिरप’ म्हणजे साखरच. ‘ऑरगॅनिक’ गुळाने आणि ब्राउन शुगरनेही मधुमेह्याची साखर वाढते. इंग्रजी अडत असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून यादी मोठ्याने वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल.

त्या दुकानात जाऊ नका, असे माझे म्हणणे नाही. ताठ मानेने जा, हवे ते हातात घेऊन बघा. फक्त चियाच्या पावकिलोचा आणि जवसाच्या पावकिलोचा भाव शेजारी ठेवा. ऑलिव्ह तेल वाईट नाही, पण शेंगदाणा तेलही चांगलेच आहे. तेल कुठलेही असो, माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास पुरते.

हे सांगण्याचे कारण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 100 पैकी 54 बायकांचे रक्त कमी आढळले. 5 वर्षांखालील मुलांत तर 100 पैकी जवळजवळ 69. हे रक्त गुलाबी मिठाने भरून निघणार नाही. उरलेल्या पैशांत अंडी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे घ्या. मोड आलेल्या कडधान्यावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. घरातील बायका, मुली आणि मुलांचे हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. त्या सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, मध्येच सोडू नका.